गावाकडे जाणारा पैसा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



इथे हैदराबादेत जमलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांची गावं भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत आहेत. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, आपली गावं म्हैसूर राज्यात आली. सीमा बदलली, पण पोटासाठी बाहेर पडण्याच्या वाटा त्याच राहिल्या. हैदराबाद, सोलापूर, पुणे, मुंबई.

पूर्वी आपले वडील मनिऑर्डर करायचे, आता आपण फोनवरून पैसे पाठवतो. त्या पैशानं घरावर स्लॅब पडला, बहिणींची लग्नं झाली, आईचं ऑपरेशन झालं. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्या पैशानं गावातल्या सगळ्यांचं सारखंच भलं झालं का?

आधी मजुरीचं बघू. गावातले तरुण हात बाहेर गेले की सोयाबीनच्या राशीला, तुरीच्या कापणीला माणूस मिळेनासा होतो. मग रोज वाढतो. जो गावात राहिला, त्यालाही आपल्या जाण्याचा फायदा होतो. आपण स्लॅब टाकला की गवंड्याला आणि त्याच्या हाताखालच्यांनाही काम मिळतं. मात्र रोज फार वाढला की शेतकरी यंत्र आणतो, आणि हा फायदा तिथंच अडतो.

आता दुसरी बाजू. बाहेर जाणं सगळ्यांचं एकसारखं नसतं. आपण शिकून, ओळखीच्या माणसाचा पत्ता खिशात घेऊन निघालो. तांड्यावरचं जोडपं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतं. दसरा झाला की कोयता बांधायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. आपला पैसा काम केल्यावर घरी येतो. त्यांचा पैसा कामाआधीच येतो, दवाखान्यात किंवा जुन्या देण्यात संपतो, आणि पुढचे पाच-सहा महिने तो फेडण्यात जातात. स्थलांतर दोघांचंही, शिल्लक मात्र एकाचीच.

आणि आपल्या शिल्लकीचं आपण काय करतो? जमीन घेतो. आपल्यासारखे दहा जण जमीन घ्यायला लागले की शिवारातला भाव चढतो. गावातच राहून जो आयुष्यभर दुसऱ्याचं रान बटईनं करतो, त्याच्या हातून ती जमीन कायमची निसटते. यात आपला वाईट हेतू नसतो, पण परिणाम तोच होतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. स्टार्क, टेलर आणि यित्झाकी या अभ्यासकांनी १९८६ साली मेक्सिकोतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे अमेरिकेला जाणं मोजक्या घरांनाच जमत होतं, तिथे बाहेरून येणाऱ्या पैशानं विषमता वाढली. जिथे ती वाट जुनी होऊन अनेक घरांपर्यंत पोहोचली होती, तिथे ती कमी झाली. म्हणजे प्रश्न पैशाचा तर आहेच, पण त्याहून अधिक वाट कोणाला मोकळी आहे याचा आहे.

आपल्या भागासाठी ३७१ जे कलमामुळे २०१३ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा आहेत. पण ऊसतोडीच्या फडावर आईबापांमागे फिरणारं लेकरू दहावीपर्यंतच पोहोचत नसेल, तर त्या जागा त्याच्या काय कामाच्या?

म्हणून दोन गोष्टी मांडतो. एक, मंडळाच्या वर्गणीतला काही भाग दरवर्षी दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अशा मुलांच्या गावातल्याच राहण्याजेवणासाठी ठेवू या, म्हणजे शाळा सुटणार नाही. दुसरी गोष्ट पैशाची नाही, मनाची आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, तरी आपल्याच रानात तूर कापणाऱ्या बाईला गड्यापेक्षा कमी रोज दिला जातो. शेत भाऊ बघतो, असं म्हणून आपण मोकळे होतो. येत्या सुगीला त्या भावाला एक फोन करू या. पैसे पाठवायला फोन करतोच, तसाच हाही.

गणपती बाप्पा मोरया!