फोन ठेवाल, पण क्लिप?



वॉकीटॉकी तुम्ही पोलिसांच्या हातात रोज बघता आणि मोबाइल तर आता या सभागृहात चारशे असतील. त्यामुळे पार्श्वभूमी सांगत बसत नाही. या दोहोंच्या मधल्या फोनबद्दल मला बोलायचंय.

१९८७ मध्ये अमेरिकेत फ्लीटकॉल नावाची कंपनी निघाली. टॅक्सी, ट्रक अशा ताफ्यांना निरोप देण्यासाठी जे रेडिओचे परवाने होते, ते तिनं विकत घेतले. १९९३ मध्ये ती नेक्सटेल झाली. जाळं मोटोरोलाच्या आयडेन तंत्राचं. बाजूचं बटण दाबलं की घंटी नाही, ‘हॅलो’ नाही, तुमचा आवाज थेट समोरच्याच्या कमरेवर! २००५ मध्ये ती स्प्रिंटमध्ये विलीन झाली आणि ३० जून २०१३ ला ते जाळं कायमचं बंद पडलं.

माझं म्हणणं एवढंच, की असा फोन जपायचा तर कुठल्याही संग्रहालयानं नुसता फोन घेऊ नये. त्याची पट्ट्याला लावायची क्लिप, चामडी म्यान, खांद्यावरचा माइक, जाड बॅटरी आणि तिच्यासाठीचं फुगीर झाकण, हे सगळं घ्यावं. कंपनीनं काय बनवलं ते फोन सांगतो. माणसानं त्याचं काय केलं ते या सामानावरून कळतं. न्यू जर्सीत मी बांधकामावर इंजिनिअर होतो, तेव्हाची एक क्लिप माझ्यापाशी आहे. ही बघा. फिरती आहे, म्हणजे वाकलं तरी फोन बरगडीत घुसत नाही. खाचेत सिमेंट बसलंय. वरची कड एकाच बाजूनं झिजलीय, कारण ती वापरणारा फोरमन डावखुरा होता. आता ही कुणी धुऊनपुसून ठेवली तर काय उरेल?

(मागून आवाज : पुढच्या वर्षी टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिकचं कव्हर दाखवा! हशा.)

दाखवीन, जरूर दाखवीन. हसू नका. वस्तू महाग पडली की माणूस तिला कसा जपतो, ते त्या कव्हरावर लिहिलेलं असतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयाच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमवले, तेव्हा ते घरोघरच्या वापरातलेच होते. आज आपण पाहुण्यांना मुद्दाम ते दाखवायला नेतो.

आवाजाबद्दलही सांगितलं पाहिजे. बटण दाबल्यावर एक चिवचिवाट व्हायचा. तो झाला म्हणजे बोलायची पाळी तुमची. त्याआधी तोंड उघडलं तर पहिले शब्द गळून पडायचे. दोघांनी एकदम बोलायचं नाही, मध्ये तोडायचं नाही. नवीन पोरगा घाईनं ‘क्रेन थांबव’ म्हणायचा आणि वर पोचायचं नुसतं ‘थांबव’. काय थांबवायचं? म्हणून जुनी माणसं आधी नाव घेत, मग श्वास, मग काम. दोन्हीकडचं बोलणं स्पीकरवर सगळ्यांदेखत चाले, तेव्हा शिव्याही सार्वजनिक आणि कौतुकही. हॉटेलात शेजारच्या टेबलावर ठेकेदार बसला असेल, तर त्याचा ट्रक कुठे अडकलाय ते तुम्हाला जेवताजेवता कळे. ही बोलण्याची रीतच त्या बटणानं घडवली होती, आणि काचेच्या कपाटातला मुका फोन ती सांगू शकत नाही. म्हणून तो आवाज ध्वनिमुद्रित करून शेजारी ठेवायलाच हवा. काही मॉडेलांत जाळ्याशिवाय थोड्या अंतरावर थेट बोलायची सोय होती. तशी चालू जोडी मिळाली, तर शाळेच्या मुलांना ती प्रत्यक्ष ऐकवता येईल.

कुणी म्हणेल, हे भंगार आहे, जागा कुठून आणायची? जागेची अडचण मला मान्य आहे. पण एक फोन आणि त्याचं सगळं सामान चपलेच्या खोक्यात मावतं. एकसारखे दहा फोन नकोत, एकच संपूर्ण हवा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणताहेत, तेव्हा बॅटरीचं सांगून थांबतो. लिथियमची बॅटरी फुगते, म्हणून ती फोनमधून काढून वेगळी ठेवावी. फुगलेली असेल तर टोचू नये, चार्जही करू नये. मऊ रबरी आवरण कालांतरानं चिकट होतं, त्याला कागद चिकटवू नका.

आणि फोनच्या पाठीवरची चिठ्ठी खरवडू नका. या फोनचा थेट बोलायचा नंबर तीन भागांचा असे, मध्ये फुल्या. त्यातला मधला आकडा ताफ्याचा. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाकडे, मेहुण्याकडे अमेरिकेत असा फोन खणात पडला असेल, तर आजच फोन करून सांगा : तो नंबर कागदावर उतरवून घ्या, फोन कुणी, कुठल्या कामावर वापरला तेही लिहा, आणि क्लिप टाकू नका. आता प्रश्न विचारा.