आडवें बोट

डॉ. कलबागांनीं १९८३ सालीं पाबळांत विज्ञान आश्रम स्थापिला, तो हातानें करीत शिकण्यासाठीं. त्याच गांवीं साठीनंतर मीं गिटार हातीं घेतली. नवशिके बहुधा 'एफ'पाशीं ती खुंटीला टांगतात. तर्जनीनें सहाही तारा पहिल्या पडद्यावर एकदम दाबावयाच्या, आणि तारांचा आधार इतका निकट कीं तार हटूनच बसते! म्हणून आरंभ पांचव्या पडद्यावर करावा. तीच बोटें तेथें 'ए' देतात. तर्जनी किंचित् कलवून तिची अंगठ्याकडील हाडाळ कड टेकवावी, एकेक तार छेडून मुकी कोणती तें पाहावें. पेराच्या खळींत तार दडली असल्यास हात केसभर सरकवावा. अंगठ्यानें चिमटण्यापेक्षां बाहूच्या वजनानें ओढावें. मनगट दुखतांच थांबावें. वेदनेस तपश्चर्या मानणें मास्तरकींतहि मला पटलें नव्हतें. मग एकेक पडदा मागें यावें. माझें बोट सध्यां तिसऱ्यावर आहे.