पडद्यावरून घरात आलेले शब्द
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय सिनेमाचा असला तरी मी नटनट्यांच्या गोष्टी सांगायला उभी राहिलेली नाही. सिनेमाने आपल्या बोलण्यात जे शब्द आणून सोडले, त्यांच्याविषयी थोडे सांगायचे आहे. आवराआवर झाली की आपण 'पॅकअप' म्हणतो आणि आजी जुन्या आठवणींत शिरल्या की नातवंडे म्हणतात, 'फ्लॅशबॅक सुरू झाला!' हे शब्द कुठले, ते सांगायला नकोच.

काहींचे मूळ मात्र शोधावे लागते. पाल्हाळ लावणाऱ्याला इंग्रजीत 'कट टू द चेस' म्हणतात. मूकपटांत शेवटी पाठलाग असे आणि प्रेक्षक त्याचीच वाट पाहत. म्हणजे चऱ्हाट पुरे, पाठलाग दाखवा! (आपल्या मासिक सभांना हे चांगले लागू पडते, पण ते असो.) 'बकेट लिस्ट' रूढ झाले ते २००७ सालच्या त्याच नावाच्या अमेरिकन चित्रपटामुळे. बादलीला लाथ मारणे म्हणजे तिकडे मरणे. त्याआधी करायच्या गोष्टींची ती यादी. २०१८ साली माधुरी दीक्षितांचा पहिला मराठी चित्रपट याच नावाने आला आणि ती बादली आपल्याही ओळखीची झाली.

पण मला खरे बोलायचे आहे ते 'गॅसलायटिंग'विषयी. पॅट्रिक हॅमिल्टन यांचे 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ साली इंग्लंडात रंगभूमीवर आले. त्यावर १९४० साली तिकडेच आणि १९४४ साली हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाले. दुसऱ्यातल्या भूमिकेबद्दल इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळाले.

गोष्ट विजेच्या दिव्यांपूर्वीच्या लंडनमधली. घरात दडलेल्या रत्नांच्या शोधात नवरा रोज संध्याकाळी बाहेर जातो म्हणून सांगतो आणि गुपचूप माळ्यावर चढतो. त्याने वर दिवा लावला की खाली बायकोच्या खोलीतली गॅसची ज्योत मंदावते. तिने विचारले तर म्हणतो, तुला भास होतात. वस्तू स्वतःच लपवायच्या आणि हरवल्याचा आळ तिच्यावर घ्यायचा. हळूहळू त्या बाईला स्वतःच्या डोळ्यांचाच भरवसा वाटेनासा होतो. पुढे एक पोलीस अधिकारी तिच्या घरी येतो आणि त्यालाही ज्योत मंद झालेली दिसते. मला ही जागा सगळ्यांत मोलाची वाटते. त्या रत्नांचे काय व्हायचे ते होवो, मलाही दिसते असे सांगणारे कोणीतरी तिला भेटले!

२०२२ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशाने हाच शब्द वर्षाचा शब्द म्हणून निवडला. हल्ली तो उठसूट वापरतात, ते मला पटत नाही. कोथिंबीर आणायला विसरून 'तू सांगितलेच नव्हतेस' म्हणणारा नवरा विसराळू असेल, कांगावखोरही असेल; पण जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा, समोरच्या माणसाची स्वतःवरची श्रद्धा मोडून काढणे ही वेगळीच गोष्ट आहे. सासुरवाशिणीला 'हिच्या डोक्यावर परिणाम झालाय' असे चारचौघांत सांगत राहिलेली घरे आपण पाहिलेली आहेत. त्याला तेव्हा नाव नव्हते, म्हणून तक्रार कसली करायची हेही तिला कळत नसे.

आपल्याकडे 'वेड्यात काढणे' आहे, पण ते पुरत नाही. कोणी वेड्यात काढले तरी आपण शहाण्या आहोत हे आपल्याला ठाऊक असते. इथे तेच ठाऊकपण जाते. याला नेमका मराठी शब्द तुमच्यापैकी कोणाला सुचला, तर मला जरूर सांगा.