गोष्टीतला तिसरा माणूस



मुलांच्या मनावरील घाव आणि वर्गातील साहित्य या विषयावर बोलण्यासाठी एका कामगार कार्यकर्त्याला बोलावणे आले, तेव्हा पत्ता चुकला असावा असेच मला वाटले. दिवसाच्या शाळेत मी सातवीपर्यंत गेलो. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात झाले. परंतु दुःख गिळून बसलेल्या माणसाला बोलते करणे हाच माझा तीस वर्षांचा व्यवसाय आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

गेटसभेचा अनुभव सांगतो. सभा संपली की एखादा कामगार मागे रेंगाळतो आणि म्हणतो, “आमच्यातल्या एकाचं असं असं झालंय.” तो ‘एक’ कोण, हे त्यालाही ठाऊक असते आणि मलाही. अशा वेळी “तो एक म्हणजे तूच ना?” असे विचारणारा पुढारी मी पाहिला आहे. तो कामगार पुन्हा कधी सभेला आला नाही. त्या ‘एका’च्या आडोशाने बोलू दिले, तर चौथ्या-पाचव्या भेटीला माणूस आपण होऊन ‘मी’ म्हणतो. आणि न म्हटले तरी त्याचे काम अडत नाही.

मुलांचेही असेच असते, आणि त्यांना हा आडोसा गोष्ट देते. माझे सारे म्हणणे एवढेच आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडीलही होते. त्या संपाचे राजकारण आज नको. घरात काय झाले ते सांगतो. पहाटे डबा घेऊन निघणारा बाप दिवसभर खोलीत बसू लागला. आईने आधी भांडी विकली, मग ती लोकांची भांडी घासू लागली. चाळीतल्या प्रत्येक खोलीत हेच चालले होते आणि कोणीही कोणाशी त्याविषयी बोलत नव्हते. दोन वर्षांनी आम्ही रात्रशाळेत बसलो होतो ते असे मुके होऊन. दिवसा कोणी चहा पोचवी, कोणी हमाली करी.

आमच्या मराठीच्या मास्तरांनी एके रात्री धडा बाजूला ठेवला आणि अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचायला घेतली. खाण बंद पडल्यामुळे बेकार झालेला भीमा प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो, ही ती कथा. वाचण्याआधी मास्तर म्हणाले, “गोष्ट भयंकर आहे. कोणाला बाहेर जाऊन पाणी प्यावंसं वाटलं तर खुशाल जा, विचारायचं नाही.” दोघे गेले. मधेच घंटा झाली. शेवट दुसऱ्या दिवसावर राहिला.

दुसऱ्या रात्री हजेरी पूर्ण. वाचन संपताच एकाने विचारले, “त्या भीमानं दुसरं काम का नाही धरलं?” झाले! वर्ग उसळला. “कोण देणार काम?” अर्धा तास आम्ही भीमाची बाजू मांडत होतो, त्याच्यावर चिडत होतो. बाप हा शब्द कोणाच्याही तोंडून निघाला नाही आणि मास्तरांनीही काढला नाही. त्या रात्री घरी गेल्यावर मी वडिलांच्या शेजारी जाऊन बसलो. बोललो काहीच नाही, पण त्यांच्यावरचा राग थोडा उतरला होता.

याच्या उलट प्रकार ऐका. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाचा कारखान्यात अपघाती मृत्यू झाला. चार महिन्यांनी त्याच्या मुलाला शाळेत निबंध आला : ‘माझे बाबा’. मुलाने लिहिले की, बाबा रोज संध्याकाळी भाजी घेऊन येतात आणि माझा अभ्यास घेतात. दहापैकी आठ गुण आणि ‘छान!’ असा शेरा. ती वही त्याच्या आईने मला दाखविली. शिक्षिकेला मी दोष देत नाही. साठ वह्या तपासणाऱ्या बाईंना कोणाच्या घरी काय घडले हे कोण सांगणार? पण मुलाला थेट ‘तुझे सांग’ म्हटले की असे होते. तो खोटे तरी लिहितो, नाहीतर कोरा कागद देतो.

याच प्रकारचे, पण फार भीषण असे एक उदाहरण पोलंडमधले आहे, आणि त्यात आपल्या देशाचा एक धागा आहे. यानुश कोरचाक हे वॉर्सामधील डॉक्टर, लेखक आणि अनाथाश्रमाचे चालक. नाझींनी १९४० साली शहरातील ज्यूंना भिंतीआड कोंडले, त्यांत कोरचाक आणि त्यांची मुलेही होती. १८ जुलै १९४२ रोजी त्या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ केले. वैद्याच्या आज्ञेने खोलीत कोंडलेला आजारी अमल खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. भिंतीआडच्या मुलांना ही कोणाची गोष्ट ते समजावून सांगावे लागले असेल काय? चार दिवसांनी हद्दपारी सुरू झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोरचाक आणि सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. स्वतः निसटण्याची संधी असूनही कोरचाकांनी मुलांना सोडले नाही.

नाटकाने ती मुले वाचली नाहीत, हे स्पष्ट बोलले पाहिजे. साहित्याचे पोवाडे गाणारे ते बोलत नाहीत. गोष्टीने भाकरी येत नाही, बुडालेली मजुरी मिळत नाही. ज्या मुलाची झोप उडाली आहे, जो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलतो, त्याला डॉक्टरच हवा. २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक प्रत्येक शिक्षकाजवळ असावा.

आता मागणीचे बोलतो. त्यावाचून आमचे भाषण पुरे होत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, असे लिहिले आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच शाळांत ती कुलपात असतात, कारण हरवलेल्या पुस्तकाचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. तो जाब आधी बंद करा. आठवड्याला एक तास नुसत्या वाचनाचा द्या. त्यावर प्रश्नोत्तरे नकोत, गुण नकोत. आणि कोणते मूल ऐकताना उठून बाहेर गेले, हे ध्यानात ठेवण्याइतकी लहान पटसंख्या द्या.

आमच्या कचेरीत दोन वर्षांपूर्वी सभासदांच्या मुलांसाठी पुस्तकांची एक फळी लावली. गेल्या वर्षअखेरीस अकरा पुस्तके परत आलेली नव्हती. खजिनदारांनी विचारले, ही कोणत्या खात्यात टाकू? आम्ही ‘वाचनात’ असे खाते उघडले आहे.