साक्षीदाराची खात्री

सातपाटीच्या खाडीच्या मुखाशीं परतणाऱ्या नौका दिसूं लागल्या कीं, किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या बायका त्यांतील आपल्या घरची नौका कोणती हें फार लांबून सांगतात. परक्या माणसाला जेथें नुसते काळे ठिपके दिसतात, तेथें त्यांना नाळेची उंची, बावट्याचा रंग, यंत्राच्या आवाजाची लय अशा अनेक खुणा एकदम कळून येतात. ही ओळख कोणी शिकविलेली नसते; शेंकडों वेळां पाहून ती अंगांत मुरलेली असते. ती सहसा चुकत नाहीं, आणि म्हणूनच सांगणारीच्या आवाजांत कंप नसतो.

आतां याच बंदरावर पहाटेच्या अंधुक प्रकाशांत, मासळी उतरविण्याची धांदल चालूं असतां, बाहेरून आलेल्या दोघांत भांडण जुंपलें आणि त्यांतील एकजण दुसऱ्यावर वार करून पळाला, अशी कल्पना करावी. पाहणारी स्त्री तीच. पण चेहरा अनोळखी, प्रसंग क्षणाचा, आणि मन भयानें ग्रासलेलें. वर्ष-दोन वर्षांनीं न्यायालयांत पिंजऱ्यांतील माणसाकडे बोट दाखवून ती 'हाच तो' म्हणते, तेव्हां तिचा आवाज नौका ओळखतांना असतो तसाच ठाम असतो. ती खोटें बोलत नाहीं. परंतु न्यायाधीशांच्या कानीं पडतो तो केवळ हा ठामपणा; त्याच्या मागें शेंकडों वेळांचें पाहणें आहे कीं एका निमिषाचें, हें त्या आवाजावरून कळण्यास मार्ग नाहीं.

खोट्या साक्षीदारासाठीं कायद्यानें शपथ, उलटतपासणी आणि शिक्षा अशी तिहेरी तजवीज करून ठेविली आहे. प्रामाणिकपणें चुकणाऱ्या साक्षीदाराचें काय करावें, हा प्रश्न मात्र कायद्यापुढें मानसशास्त्रानें मांडला. हार्वर्ड विद्यापीठांतील जर्मन पंडित ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यानें १९०८ सालीं साक्षीदारांच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यानें स्वतःचेंच उदाहरण दिलें आहे. त्याच्या घरीं चोरी झाली आणि त्यानें न्यायालयांत साक्ष दिली. चोर तळघराच्या खिडकींतून आले, घड्याळ त्यांनीं कागदांत गुंडाळून ठेविलें होतें, असें त्यानें शपथेवर सांगितलें. प्रत्यक्षांत त्यांनीं तळघराचें दार फोडलें होतें आणि घड्याळ टेबलावरील कापडांत बांधलेलें होतें. स्मृतीचा अभ्यास हाच ज्याचा व्यवसाय त्याची ही गत! तथापि कायदेपंडितांनीं त्याची थट्टाच केली. विग्मोर या नामांकित पंडितानें १९०९ सालीं एक काल्पनिक खटला लिहून म्युन्स्टरबर्गला त्यांत प्रतिवादी केलें. थट्टा अगदींच निराधार नव्हती, कारण नव्या शास्त्राजवळ त्या वेळीं पुरावा थोडा आणि आवेश फार होता.

पुरावा पुढें आला. १९७४ मध्यें एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनीं विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा चित्रपट दाखविला. कांहींना 'मोटारी एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या, तेव्हां वेग किती होता?' अशा अर्थाचा प्रश्न केला, तर कांहींना 'एकमेकींना लागल्या तेव्हां' अशा सौम्य शब्दांत विचारलें. आठवड्यानें 'फुटलेली कांच पाहिली काय?' असें विचारतां पहिल्या ५० पैकीं १६ जणांनीं होय म्हटलें, दुसऱ्या ५० पैकीं केवळ ७ जणांनीं. चित्रपटांत कांच फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदानें ती फोडली.

आपल्याकडील पुराव्याच्या कायद्यानेंहि सूचक प्रश्नांचा धोका १८७२ पासूनच ओळखलेला आहे; सरतपासणींत असे प्रश्न न्यायालयाच्या परवानगीवांचून विचारतां येत नाहींत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतहि हें बंधन कायम आहे. पण हा पहारा न्यायालयाच्या दाराशीं बसतो. त्याच्या कितीतरी आधीं ठाण्यांत जबाब झालेला असतो. 'त्याच्या हातांत कांहीं होतें काय?' आणि 'कोयता कोणत्या हातांत होता?' या दोन प्रश्नांत जें अंतर आहे, तें तेथें कोण मोजणार? शिवाय किनाऱ्यावरची स्त्री घरच्या बोलींत सांगते आणि कागदावर उतरते ती सरकारी मराठी. 'सदर इसमानें धारदार शस्त्रानें' हे शब्द तिच्या तोंडीं कधींच आलेले नसतात. परंतु साक्षीच्या आदल्या दिवशीं जबाब वाचून दाखविला कीं तेच तिच्या आठवणीचे होऊन बसतात. जबाब दृक्श्राव्य साधनांनीं नोंदविण्याची मुभा २००९ मध्यें कायद्यांत आली. मुभा आहे, सक्ती नाहीं. आणि मुभेचा उपयोग आपल्याकडे किती होतो हें सांगावयास मानसशास्त्रज्ञ नको.

मानसशास्त्राचें नांव काढतांच सुशिक्षितांच्या मनांत येतें तें मात्र खोटें पकडणारें यंत्र. या यंत्रांनीं महाराष्ट्रालाहि कांहीं काळ भुरळ घातली. गुंगीचें औषध देऊन केलेल्या चौकशीला मुंबई उच्च न्यायालयानें २००४ मध्यें हरकत घेतली नाहीं. जून २००८ मध्यें पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत मेंदूंतील विद्युत्-लहरींच्या आलेखाचा पुरावा म्हणून विचार केला. शेवटीं ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सेल्वी खटल्यांत अशा चांचण्या कोणावरहि त्याच्या संमतीवांचून करतां येणार नाहींत असा निर्णय दिला. योग्यच झालें. न्यायालयांत मानसशास्त्राचें खरें काम यंत्राहून पुष्कळ साधें आहे: साक्षीदाराला काय, केव्हां आणि कसें विचारलें तें पाहणें.

ओळखपरेडीचेंच घ्यावें. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणें एका संशयितासाठीं परेडींत निदान सहा माणसें उभीं करावीं लागतात. नियम चांगला आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीनें परेडींतील ओळख ही केवळ पुष्टि. मुख्य पुरावा म्हणजे न्यायालयांतील ओळख. अलीकडील संशोधन नेमकें उलट सांगतें. घटनेनंतर लवकर, कोणी न सुचवितां, नीट घेतलेल्या पहिल्या ओळखींत साक्षीदार जी खात्री व्यक्त करतो तिला बरेंच मोल आहे. त्यापुढील प्रत्येक वेळीं तो गुन्हेगाराचा चेहरा आठवतो कीं मागच्या वेळीं दाखविलेला, हें त्याचें त्यालाहि सांगतां येत नाहीं. पिंजऱ्यांत तर एकटाच माणूस उभा असतो! अमेरिकेंत १९८९ ते २०२० या काळांत डी. एन. ए. चांचणीनें निर्दोष ठरलेल्या ३७५ जणांपैकीं सुमारें ६९ टक्क्यांच्या खटल्यांत साक्षीदारांनीं चुकीची ओळख दिलेली होती.

इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. जून २००३ मध्यें नाशिक भागांत एका झोपडींवर रात्रीं दरोडा पडून पांच जणांचे खून झाले आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. घरांतील आई जबर जखमी होऊनहि वांचली. थोड्याच दिवसांत पोलिसांजवळील छायाचित्रांतून तिनें चार जणांना ओळखलें. पुढें पकडले गेले ते मात्र भटक्या जमातींतील दुसरेच सहा जण. त्या चौघांपैकीं त्यांत एकहि नव्हता. परेडींत आणि न्यायालयांत या सहांना ओळखण्यांत आलें. २००६ मध्यें नाशिकच्या सत्र न्यायालयानें सहांनाहि फांशीची शिक्षा दिली. २००७ मध्यें उच्च न्यायालयानें तिघांची फांशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली, आणि २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सहांनाहि फांशीच सुनावली. तीन न्यायालयांनीं ऐकली ती शेवटची ओळख. पहिली ओळख सरकारपक्षानें न्यायालयापुढें आणलीच नव्हती.

त्या स्त्रीला दोष देणें क्रौर्याचें होईल. डोळ्यांदेखत घर उद्ध्वस्त झालेल्या माणसासमोर कोणीतरी 'गुन्हेगार सांपडले' म्हणून उभे केले, तर मनाला तेवढा आधार धरावासा वाटणारच. दोष पहिली ओळख बाजूला सारणारांचा.

प्रकरण पुन्हां उघडलें गेलें आणि ५ मार्च २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपलाच निर्णय फिरवून सहांनाहि निर्दोष सोडलें. त्यांच्या आयुष्याचीं सुमारें सोळा वर्षें गेलीं होतीं. प्रत्येकीं ५ लाख रुपये भरपाई राज्य सरकारनें द्यावी, आणि छायाचित्रांतून प्रथम ओळखलेल्या त्या चौघांचा तपास करावा, असाहि हुकूम झाला. तोंवर घटनेला पंधरा वर्षें उलटून गेलीं होतीं.