येऊ का मंग?

मानवतच्या मोंढ्यात कापूस घातला, पट्टी हातात पडली, की शेतकरी आडत दुकानातून उठतो. उठताना 'जातो' म्हणत नाही. 'येऊ का मंग?' असं विचारतो आणि गादीवरून उत्तर येतं, 'हौ, या.' पाय दाराकडे वळलेले, बोलणं मात्र येण्याचं. हा रिवाज सगळ्या मराठी मुलखात आहे. मराठवाड्यानं त्याला आपला 'मंग' जोडला, एवढंच.

'गेला' म्हणजे वारला, म्हणून 'जातो' नको. याच धास्तीनं दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. गणपतीलासुद्धा पुढच्या वर्षीचं आवतण दिल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत.

एका घरी मात्र हे सगळं उलटं होतं. मयताला आलेली माणसं निघताना 'येतो' म्हणत नाहीत. घरचेही 'या' म्हणत नाहीत. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या, वाटेला लागायचं. असल्या कारणानं पुन्हा त्या दारी यावं लागू नये, ही इच्छा न बोलताच पोचते.

तुकोबांच्या वैकुंठगमनाचा म्हणून गायला जाणारा अभंग 'जातो' म्हणायला कचरत नाही. तिथं निरोपाला 'राम राम' आहे, आणि तो तर भेटीलाही चालतो. 'जय भीम'चं तसंच, महानुभावांच्या 'दंडवत प्रणाम'चंही तसंच. निजामाचं राज्य इथं १९४८ पर्यंत होतं; त्या काळापासून कानावर असलेलं 'खुदा हाफिज' मात्र फक्त निघतानाचं. ते म्हणत कुणी घरात शिरत नाही.

लेकीला सासरी धाडणं म्हणजे तिला वाटे लावणं. शहरी पाहुण्यानं इथं नीट कान द्यावा, कारण 'वाट लावणं' ही अगदीच वेगळी गोष्ट!

पुढं फोन आला आणि 'येतो' अडखळला. जो आलेलाच नाही, त्यानं परत येण्याची परवानगी कशी मागावी? मग 'ठेवू का?' रुळलं. रिसीव्हर खरोखरच खाली ठेवावा लागे तेव्हाचा हा शब्द. आता ठेवायला काही उरलेलं नाही, तरी पुण्याला शिकणारा मुलगा मानवतला आईला विचारतो, 'ठेवू का?' ती 'ठेव' म्हणते आणि लगेच, 'जेवलास का?'