रविवारची मराठी शाळा

(मराठी भाषा गौरव दिनी सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



मागल्या वर्षी मी सहा महिने न्यू जर्सीला मुलीकडे होतो. जावई तेलुगू, त्यामुळे घरातली सामाईक भाषा इंग्रजी. सात वर्षांचा नातू मराठी बोलायचा ते फक्त आईशी. एकदा पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "आजोबा, मी खेळायला जाते." मी मोठ्याने हसलो, पाहुणेही हसले. पोरगं गप्प झालं आणि त्या दिवसापासून माझ्याशी इंग्रजीतच बोलू लागलं. वाटलं, विसरेल. विसरला नाही.

दर रविवारी त्याला मराठी शाळेत सोडायला मी जात असे. शाळा म्हणजे भाड्याच्या दोन वर्गखोल्या आणि दोन तास. शिकवणारे मुलांचेच आई-बाबा. आठवडाभर नोकरी, रविवारी खडू-फळा. पगार नाही. तिकडच्या मराठी मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ साली स्थापन झाली. तिच्या अभ्यासक्रमावर अशा अनेक शाळा चालतात. परीक्षाही होतात.

तिथल्या बाईंना मी झाला प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, "काका, दिवसभर आईचं 'जाते, येते' ऐकतो, तेच त्यानं उचललं. मराठीत 'जातो' म्हणणारं त्याच्या घरात आहे कोण? तुम्हीच बोला ना त्याच्याशी. आमच्या दोन तासांत अक्षरं येतील, बोलणं घरीच यायचं."

मी खजील झालो. रात्री नातवाची माफी मागितली आणि म्हटलं, मला तेलुगू शिकव. माझा पहिलाच शब्द ऐकून तो पोट धरून हसला. फिट्टंफाट झाली!

आता दर शनिवारी रात्री आमचा व्हिडिओ कॉल असतो. तो 'जातो' म्हणतो, अधूनमधून 'जाते'ही येतं. मी हसत नाही.

मंडळी, आपल्याकडे गुजराती, तमिळ, कानडी घरं आहेत. मराठी घरांतली मुलंही इंग्रजी शाळेत जातात. घरची भाषा समजते, पण वाचता येत नाही, अशी किती मुलं आपल्याच जिन्यात भेटतात! हा हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो. कमिटीने दोन तास दिले, तर फळा मी आणतो. ज्याने त्याने आपापली भाषा शिकवावी. नियम एकच : मूल चुकलं तर हसायचं नाही.